मद्रासचा नकाशा आणि मेंदूतील निरोप

चेन्नईचा गौरव करताना आम्ही मंडळी मैलापूरचे गोपुर आणि डिसेंबरातील संगीतसभा यांचा अगत्याने उल्लेख करतो. मद्रास विद्यापीठात आखला गेलेला एक साधा चौकोनी आलेख मात्र आमच्या बोलण्यात क्वचितच येतो. वास्तविक जीवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्याला मानाचे स्थान आहे. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप कसे देतात, या प्रश्नाच्या अभ्यासालाही त्याचा आधार लाभला आहे.

हे निरोप पोहोचविणाऱ्या द्रव्यांपैकी एक मोठा वर्ग म्हणजे न्यूरोपेप्टाइडे. अमिनो आम्लांचे मणी ओवलेल्या या आखूड माळा होत. एका पेशीतून सुटलेली माळ दुसऱ्या पेशीच्या आवरणावरील ग्राहीला जाऊन चिकटते. ग्राहीचा आकार पालटतो आणि पेशीच्या अंतर्भागात रासायनिक संदेशांची मालिका सुरू होते. वेदना, भूक, भय यांचे नियमन अशा रीतीने घडते. १९३१ मध्ये ऑयलर व गॅडम यांना ‘सबस्टन्स पी’ सापडले. १९५३ मध्ये द्यु व्हिन्यो यांनी ९ अमिनो आम्लांचे ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत घडविले. परंतु ग्राही ओळखतो तो माळेचा आकार. मग ही माळ वळू शकते तरी किती प्रकारांनी? याचे उत्तर मद्रासमध्ये मिळाले, आणि तेही मेंदूचा विचार मनात नसताना.

एर्नाकुलम येथे १९२२ साली जन्मलेले गो. ना. रामचंद्रन हे सर सी. व्ही. रामन यांचे शिष्य. १९५२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते मद्रास विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. ब्रिटिश शास्त्रज्ञ बर्नाल मद्रासला आले असता, कातडी व कंडरा यांतील कोलॅजेन या प्रथिनाची रचना अद्याप उलगडलेली नाही, असे त्यांनी सांगितले. जवळच असलेल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून कांगारूच्या शेपटीची कंडरा मिळाली. तिच्यावर क्ष-किरण टाकून रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये तीन साखळ्यांच्या रचनेची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी तिला वेणीसारख्या पिळाचे रूप दिले.

लगेच आक्षेप आला, आणि तोही रिच व फ्रान्सिस क्रिक यांच्यासारख्या मातब्बरांकडून. या रचनेत काही अणू एकमेकांच्या फार निकट येतात, असे त्यांचे म्हणणे होते. साखळ्यांतील बंधांच्या तपशिलात पुढे त्यांचीच रचना मान्य झाली. त्रिसूत्री पिळाची मूळ कल्पना मात्र टिकली. आमच्या मते रामचंद्रन यांचे मोठेपण त्यानंतर दिसले. वादात शक्ती न दवडता त्यांनी मूळ प्रश्नच हाती घेतला : दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात? ज्ञात स्फटिकरचना धुंडाळून त्यांनी ही अंतरे निश्चित केली. मग शशिशेखरन व रामकृष्णन यांच्यासह, माळेतील प्रत्येक सांध्याचे ‘फाय’ आणि ‘साय’ हे दोन कोन घेऊन, कोणती वळणे शक्य व कोणती अशक्य, याचा नकाशा १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. चौकोनाचा थोडाच भाग मोकळा निघाला. उरलेल्या भागात अणूंची टक्कर अटळ होती.

पुढे १९७५ मध्ये ॲबर्डीन येथे ह्यूज व कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून वेदनाशामक एन्केफॅलिन वेगळे केले. ही माळ अवघ्या ५ अमिनो आम्लांची. त्यांतील दोन ग्लायसिन. ग्लायसिनला पार्श्वशाखा केवळ हायड्रोजनची, म्हणून मद्रासच्या नकाशावर त्याला सर्वाधिक मोकळीक. एवढीशी माळ इतकी लवचीक का, याचे मर्म या नकाशाने उलगडते.

आमच्या महाराष्ट्रातही या विषयाची उपासना झाली आहे. नागपूर विद्यापीठात आणि नंतर पुण्याच्या आयसर संस्थेत डॉ. निशिकांत सुभेदार यांनी मेंदूतील न्यूरोपेप्टाइडांवर दीर्घकाळ संशोधन केले. भुकेशी निगडित असलेली ‘कार्ट’ व ‘न्यूरोपेप्टाइड वाय’ ही त्यांच्या अभ्यासाची द्रव्ये.

रामचंद्रन यांना १९७७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व लाभले. २००१ मध्ये चेन्नईतच त्यांचे निधन झाले. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले नाही. तथापि, आजही प्रथिनाची नवी रचना प्रसिद्ध होण्यापूर्वी ती त्यांच्या नकाशावर पारखून घेतली जाते. मेंदूचे निरोप झेलणाऱ्या ग्राहींनाही त्या परीक्षेतून जावे लागते. पोटापाण्यासाठी या नगरीत येऊन तिचेच झालेल्या आम्हां मराठी जनांनी आपल्या मुलांना गोपुराबरोबर या नकाशाचीही ओळख करून द्यावी.