अनसिंगच्या ओसरीवरचा जपान

वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग हे गाव लागते. आमच्या थोरल्या बहिणीचे बिऱ्हाड भाऊजींच्या नोकरीमुळे काही वर्षे तेथे होते. वाशिम जिल्हा तेव्हा जन्माला यावयाचा होता. १ जुलै १९९८ पर्यंत हा सारा मुलूख अकोला जिल्ह्यातच मोडत असे. १९९४ च्या मे महिन्यात, सेमिनरीच्या उन्हाळी सुट्टीत, आम्ही तेथे पंधरा दिवस राहिलो.

त्या पंधरा दिवसांत आम्हांला एक गोष्ट कळून चुकली. आमच्या सात वर्षांच्या भाच्याचा रविवार हा प्रभूचा दिवस नव्हता, तो मोगलीचा दिवस होता. मिस्सेसाठी बसने दूर जावे लागे. त्या दिवशी पोराचे लक्ष वेदीकडे कमी आणि परतीच्या बसकडे अधिक असे. मिस्सा नसलेल्या रविवारी मात्र शेजारच्यांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा उरत नसे. दारात चपलांचा ढीग, आत एक कृष्णधवल संच, आणि त्याच्यापुढे गल्लीतील सारी मुले मांडी ठोकून बसलेली. ऐन रंगात वीज गेली की जो एक सुस्कारा उठे, तो आजही आमच्या कानात आहे.

शेरखान या वाघाला आवाज होता आपल्या नाना पाटेकरांचा. शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलेले आणि विशाल भारद्वाजांनी स्वरबद्ध केलेले. ते गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या तोंडी होते. एकदा भाच्याने आमचा हात ओढून विचारले, "मामा, हे रान आपल्याच इकडचं हाये न?" आम्ही ठामपणे म्हणालो, "होय रे, आपलेच." मोगली हिंदी बोलत होता, बघीरा हिंदी बोलत होता, आणि रान तर सिवनीचे होते. आणखी काय पुरावा हवा?

पुढे आम्ही धर्मगुरू झालो, धर्मग्रामाची जबाबदारी आली. दूरदर्शनच्या एका वाहिनीच्या जागी शंभर वाहिन्या आल्या. मुलांच्या ओठी डोरेमोन, नोबिता आणि शिनचॅन ही नावे बसली. आईवडील तक्रार घेऊन येत. मुले जेवताना पडद्यापुढून उठत नाहीत, शिनचॅनसारखी उलट उत्तरे देतात, मराठीत बोलता बोलता मध्येच हिंदी वाक्ये फेकतात. २००८ मध्ये शिनचॅनच्या प्रक्षेपणावर आपल्याकडे बंदी आली, तेव्हा आम्ही रविवारच्या प्रवचनात तिचे स्वागत केले. परक्या देशाचे हे वाण आपल्या घरात नको, असे काहीसे आवेशाने बोलून गेलो. श्रोत्यांनी माना डोलावल्या आणि आम्हांलाही बरे वाटले.

त्या दिवशी भाचा आमच्याकडे उतरला होता. आता तो एकवीस वर्षांचा होता. जेवणाच्या ताटावर तो शांतपणे म्हणाला, "फादरमामा, आपला मोगलीही जपानीच होता."

आमचा घास हातातच राहिला. आम्ही वाद घातला, पण त्याची माहिती पक्की होती. तिने आम्हांला नंतर कित्येक दिवस स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून ती येथे क्रमाने सांगतो.

रडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मला. त्याचे वडील तेथील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. मोगलीच्या कथा त्याने लिहिल्या त्या मात्र अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात. पहिले पुस्तक १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. कथांची भूमी त्याने निवडली ती सिवनीच्या डोंगरांची आणि वैनगंगेच्या खोऱ्याची. हीच वैनगंगा सिवनीत उगम पावून पुढे आपल्या भंडाऱ्यात, गडचिरोलीत येते. सुमारे शंभर वर्षांनी टोकियोच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने त्या कथांवर ५२ भागांची चित्रमालिका केली. फुमिओ कुरोकावा हे तिचे दिग्दर्शक. १९८९-९० मध्ये ती जपानी मुलांनी पाहिली, आणि १९९३ पासून दूरदर्शनवर हिंदी आवाज घेऊन ती आपल्याकडे आली. म्हणजे आमच्या विदर्भाच्या शेजारचे रान, मुंबईत जन्मलेल्या इंग्रजाने अमेरिकेत बसून लिहिले, जपान्यांनी चितारले, आणि ते अनसिंगच्या ओसरीवर परत आले. भाच्याचा प्रश्न योग्य होता. आमचे उत्तरही चुकीचे नव्हते, पण ते अर्धे होते. रान आपले होते. ते चितारणारे हात कोणाचे, हे सांगायचे राहून गेले होते.

वास्तविक जपान विदर्भाला अनोळखी नव्हता. निचिदात्सु फुजी हे बौद्ध भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्यास येऊन महात्माजींना भेटले, आणि त्यांचा जपानी मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत समाविष्ट झाला. भदन्त सुरेई ससाई नागपुरास कायमचे राहिले, त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. ज्यांच्या ओसरीवर अनसिंगची मुले मोगली पाहत, ते कुटुंब बौद्धच होते. तेथील आजोबा नागपूरच्या "जपानी भन्तेजीं"विषयी आदराने बोलत. पण त्याच घरातल्या पेटीत जपान रोज येऊन बसतो, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. थोरांचा जपान भिक्षूंच्या चीवरात होता, लहानांचा जपान मोगलीच्या लंगोटीत.

याच सुमारास आणखी एक जपानी कलाकृती तयार झाली होती. युगो साको यांनी आपले ॲनिमेशनकार राम मोहन यांच्या साहाय्याने रामायणावर संपूर्ण चित्रपट काढला. एका परक्याने आपल्या दैवतांना व्यंगचित्रांसारखे रेखाटावे, यावर आपल्याकडे आक्षेप घेतला गेला. १९९३ च्या आरंभी तो भारतात महोत्सवात दाखवला गेला खरा, पण देशभरच्या चित्रपटगृहांत येण्यास त्याला जानेवारी २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली. ज्यावर जपानी नाव स्पष्ट होते ते दाराबाहेर थांबले, आणि ज्यावर नाव नव्हते तो मोगली थेट माजघरात पोहोचला.

२०११ मध्ये एका अभ्यासक्रमासाठी आम्ही काही महिने मनिला येथे राहिलो. आमच्या शेजारच्या खोलीत एक फिलिपिनो धर्मगुरू होते. ते आमच्याच वयाचे. एका संध्याकाळी गप्पांच्या ओघात आम्ही त्यांना मोगलीची हकीकत सांगितली. ते खळखळून हसले आणि म्हणाले, "तुम्हांला माहीत नव्हते म्हणून तुम्ही सुटलात. आम्हांला माहीत होते." मग त्यांनी आपल्या बालपणाची गोष्ट सांगितली.

१९७८ मध्ये फिलिपिन्सच्या दूरचित्रवाणीवर 'व्होल्टेस फाइव्ह' ही जपानी मालिका सुरू झाली. पाच तरुण पाच याने जोडून एक प्रचंड लोहपुरुष उभा करतात आणि परग्रहावरील एका साम्राज्याशी झुंजतात. त्या साम्राज्यात शिंगे असलेले ते कुलीन आणि शिंगे नसलेले ते गुलाम. शुक्रवारी संध्याकाळी मनिलाच्या गल्ल्या ओस पडत. मात्र ह्या मित्राच्या घरी एक अडचण होती, ती म्हणजे त्यांची आजी. मालिका सुरू झाली की ती उठून स्वयंपाकघरात जाई आणि संपेपर्यंत बाहेर येत नसे. ती कधी रागावली नाही, कधी संच बंद केला नाही. फक्त उठून जाई.

कारण समजायला त्यांना काही वर्षे जावी लागली. १९४२ ते १९४५ या काळात जपानी सैन्याने फिलिपिन्स व्यापला होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये, अमेरिकन सैन्य मनिलात शिरले असता, महिनाभराच्या लढाईत आणि जपानी सैनिकांनी केलेल्या कत्तलीत सुमारे एक लाख नागरिक मृत्युमुखी पडले. आजीचे दोन भाऊ त्यांत होते.

त्या संहारात एल्पिदियो किरिनो नावाच्या एका राजकारणी गृहस्थाची पत्नी आणि पाचांपैकी तीन मुले मारली गेली. धाकटी मुलगी अवघी दोन वर्षांची होती. हेच किरिनो पुढे देशाचे अध्यक्ष झाले. जुलै १९५३ मध्ये त्यांनी शिक्षा भोगत असलेल्या शंभराहून अधिक जपानी युद्धकैद्यांना क्षमादान जाहीर केले. देशात अनेकांना ते रुचले नाही. आपल्या मुलांना आणि आपल्या लोकांना जपान्यांविषयीचा द्वेष आपल्याकडून वारशाने मिळू नये, अशी त्यांची भूमिका होती. ज्याची स्वतःची लेकरे मारली गेली, त्याच्याच तोंडी हे शोभले. क्षमेविषयी आम्ही कितीतरी प्रवचने दिली असतील. पण ही हकीकत ऐकल्यावर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

१९५३ पासून १९७८ पर्यंत पंचवीस वर्षे होतात. म्हणजे एक पिढी. ज्या मुलांना द्वेषाचा वारसा मिळू नये असे किरिनोंना वाटत होते, त्यांच्यापाठची पोरे जपानी लोहपुरुषाच्या प्रेमात पडली. क्षमेचे फळ असे गमतीच्या रूपाने आले. पण आजी स्वयंपाकघरात होती, हेही तितकेच खरे. तिने नातवाच्या आनंदात वैर कालवले नाही, आणि स्वतःची जखम खोटीही ठरवली नाही.

ऑगस्ट १९७९ मध्ये, मालिकेचे शेवटचे मोजके भाग उरले असता, अध्यक्ष फर्दिनांद मार्कोस यांनी तिच्यावर बंदी आणली. कारण दिले गेले ते हिंसाचाराचे. पण त्या शेवटच्या भागांत गुलाम आणि सामान्यजन उठाव करून सिंहासन उलथवतात. देशात १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारलेला. पालकांचा एक वर्ग बंदीने खूश झाला, मुले मात्र हळहळली. फेब्रुवारी १९८६ मध्ये कार्डिनल सिन यांच्या हाकेला ओ देऊन मनिलाची जनता रस्त्यावर उतरली आणि मार्कोस देश सोडून गेले. आमचे मित्र तेव्हा सोळा वर्षांचे होते, त्या गर्दीत होते. ते हसून म्हणाले, "शेवटचा भाग आम्ही पाहिला नव्हता, म्हणून आम्हीच तो करून पाहिला." विनोद बाजूला ठेवला, तरी बंदीने मुलांच्या मनातली गोष्ट पुसली जात नाही, एवढे त्यातून कळते. १९९९ मध्ये ते शेवटचे भाग मनिलाच्या चित्रपटगृहांत लागले आणि तिशीतले बाप आपल्या पोरांना घेऊन गेले. २०२३ मध्ये तर फिलिपिनो कलावंतांनी त्या कथेची स्वतःची मालिका केली.

निघता निघता त्यांनी आणखी एक भेट दिली. १९९० च्या दशकात त्यांच्याकडे 'प्रिन्सेस सारा' ही तागालोग भाषेत रूपांतरित मालिका अफाट गाजली. १९९५ मध्ये तिच्यावर फिलिपिनो चित्रपटही निघाला. मूळ इंग्रजी कादंबरीतील सारा ही मुंबईहून लंडनला आलेली पोरकी मुलगी. आणि मालिका कोणाची? निप्पॉन ॲनिमेशनची, १९८५ ची. दिग्दर्शक तेच फुमिओ कुरोकावा. ज्या हातांनी मनिलाच्या मुलांना रडवले, त्याच हातांनी अनसिंगच्या मुलांना हसवले होते.

त्या रात्री आम्हांला आठवण झाली ती वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांची. वसईत जन्मलेला हा मुलगा कोवळ्या वयात येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, तेथील भाषा शिकला, व्यापार केला, मग मनिलास येऊन फ्रान्सिस्कन बंधू झाला. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन मंडळी जपानला निघाली, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालोच लागला, कारण जपानी माणसाशी त्याच्या भाषेत बोलणे त्याला साधत होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर चढवण्यात आले. वसई, मनिला, नागासाकी ही वाट आपल्या माणसाने चारशे वर्षांपूर्वीच चालून ठेवली आहे. त्याला जपान खरोखर माहीत होता, त्याची भाषाही आणि त्याची तलवारही. माहीत असूनही तो परत गेला. आम्ही मात्र काहीही माहीत नसताना प्रवचनपीठावरून निकाल दिला होता.

शिनचॅनचा उद्धटपणा आम्हांला आजही रुचत नाही, आणि मुलांनी जेवताना पडदा बंद करावा असेच आम्ही सांगतो. भाषेची काळजीही खोटी नाही. २०१३ मध्ये बांगलादेशाने हिंदी डोरेमोनवर बंदी घातली, ती मुले बंगालीऐवजी हिंदी बोलू लागली म्हणून. पण घरातील थोरांचे काम दार लावून घेण्याने संपत नाही. मुलाच्या हाती पडलेली वस्तू कोठून आली, ती करणाऱ्यांनी काय भोगले आणि इतरांना काय भोगायला लावले, हे त्याला सांगावे लागते. तेवढे सांगितले की प्रेम आंधळे राहत नाही आणि आठवण वैरी होत नाही. वारसा म्हणून याहून चांगले काय देता येईल?

आमचा भाचा आता पुण्यात असतो. मोगलीचा माग काढता काढता त्याने जपानी भाषा शिकून घेतली आणि तिच्यावरच त्याचा चरितार्थ चालतो. गेल्या उन्हाळ्यात तो आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता, तेव्हा आम्ही तिघे अनसिंगला जाऊन आलो. जुन्या ओळखीच्या घरी चहा झाला. ते आजोबा आता नाहीत. ओसरीवर फरशी आली आहे, आणि मुले आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसतात. चिमुरडीने तेथेच बसून डोरेमोन लावला.

"फादरआजोबा, हा कुठे राहतो?" तिने विचारले.

तीस वर्षांपूर्वी याच ओसरीवर आम्ही अर्धे उत्तर दिले होते. या वेळी आम्ही तिच्याशेजारी बसलो आणि सांगितले, "जपानात. तिथे आपला एक वसईचा माणूस फार पूर्वी गेला होता. त्याची गोष्ट ऐकतेस?"

तिने भाग संपेपर्यंत थांबायला सांगितले. आम्ही थांबलो.