मलायातील मामक उपाहारगृहे : रोटी, चहा आणि परंपरेचा प्रश्न

इ. स. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइटने पिनांग बेटावर ईस्ट इंडिया कंपनीचे ठाणे वसविले आणि कोरोमंडल किनाऱ्यावरील तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांची तेथील वस्ती वाढू लागली. जॉर्जटाऊनमधील कपितान केलिंग मशीद ही त्याची ठळक खूण. याच समाजाला पुढे 'मामक' हे नाव मिळाले. त्याच्या मुळाशी तमिळ 'मामा' हा, मराठी वाचकासही घरचा वाटणारा, शब्द आहे. हे संबोधन कालांतराने हेटाळणीनेही वापरले गेले. उपाहारगृहांना मात्र ते कायमचे चिकटले.

या उपाहारगृहांची ओळख 'रोटी चनाई' व 'ते तारिक' या दोन पदार्थांवर उभी आहे. मैद्याचा तुपातेलात मुरवलेला गोळा हवेत फिरवून पातळ करतात, घड्या घालून तव्यावर भाजतात आणि आमटीबरोबर वाढतात. 'ते तारिक' म्हणजे ओढलेला चहा. तो दोन भांड्यांतून उंचावरून ओतून फेसाळ केला जातो. 'चनाई' हे नाव चेन्नईवरून आले, असे सर्रास सांगितले जाते. परंतु ते शहर १९९६ पर्यंत अधिकृतपणे मद्रासच होते, आणि मलय भाषेत 'चनाई' याचा अर्थच कणीक मळणे-लाटणे असा आहे. दुसरी व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. 'ते' हा शब्द तर चीनच्या फूच्येन किनाऱ्यावरचा.

या पदार्थांना 'पारंपरिक भारतीय' म्हणताना म्हणूनच सावधगिरी हवी. तमिळ किनाऱ्याचे मुख्य अन्न भात. मलायात गहू पिकत नाही आणि ताजे दूधही दुर्मिळ. आयात मैदा आणि साखरमिश्रित डबाबंद दूध यांवाचून हे खाद्य घडलेच नसते. ते बंदराचे अपत्य आहे. मुंबईच्या इराणी हॉटेलांचे स्मरण येथे स्वाभाविकच होते. डुकराचे मांस निषिद्ध असल्याने मलय मुसलमान तेथे निःशंकपणे बसतो आणि डाळीसोबतची रोटी हिंदूंनाही चालते. आहारनिषेधांनी विभागलेल्या समाजात ही गोष्ट किरकोळ नव्हे.

२०२४ मध्ये युनेस्कोने मलेशियाच्या न्याहारी-संस्कृतीची नोंद वारसा म्हणून केली. तीत रोटी चनाईचाही समावेश आहे. त्याआधी, २०१८ मध्ये, उपाहारगृहांत केवळ स्थानिक आचारी ठेवण्याचा प्रस्ताव तेथील मनुष्यबळ मंत्र्यांनी मांडला होता. टीका झाल्यावर तो अंतिम नसल्याचा खुलासा करावा लागला. कारण अनेक मामक उपाहारगृहांतील तव्यापाशी आजही तमिळनाडूहून आलेलाच माणूस उभा असतो.