परदेशातून मागवलेल्या वस्तूवर दारात पैसे कशाचे? सरकारी कर किती आणि कुरियरचा आकार किती, असं ओळखा

उचगाव (ता. करवीर) : वस्तूचे पैसे ऑर्डर देतानाच ऑनलाइन भरलेले असतात. तरी पंधरा-वीस दिवसांनी कुरियरचा मुलगा दारात येतो आणि म्हणतो, "दादा, एवढे भरायला लागतील, मगच पार्सल." विचारलं की उत्तर एकच, "कस्टमचे हायत." ही रक्कम सगळी कस्टमची नसते. तिचा एक भाग सरकारी कर असतो आणि दुसरा भाग कुरियर कंपनीचा स्वतःचा आकार. हे दोन वेगळे केले की कुठं बोलता येतं आणि कुठं भरण्याशिवाय इलाज नाही, ते कळतं.

उचगाव, गांधीनगर, सरनोबतवाडी या पट्ट्यात आता अशी पार्सलं नवी राहिलेली नाहीत. कुणी कॅमेऱ्याची लेन्स मागवतो, कुणी मशीनचा सेन्सर, तर हुपरीकडचे कारागीर बारीक हत्यारं. अमेरिकेत किंवा दुबईत असलेली लेक-जावई पाठवतात ते वेगळंच.

कर कसा बसतो

पहिली गोष्ट, कर फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तूची किंमत, तिकडून इकडं येण्याचं भाडं आणि विमा, अशी तिन्हींची बेरीज धरली जाते. विक्रेत्यानं विम्याचा आकडा दिला नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के विमा धरतात. भाड्याचा आकडा नसेल तर किमतीच्या २० टक्के. विमानानं आलेल्या मालाला यापेक्षा जास्त भाडं धरता येत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. डॉलरचा भावही तुमच्या बँकेचा चालत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ वेळोवेळी जाहीर करतं तो भाव लागतो.

या बेरजेवर मूळ सीमाशुल्क बसतं. त्यावर समाजकल्याण अधिभार लागू असेल तर तोही. आणि मग किंमत अधिक शुल्क अशा वाढलेल्या रकमेवर आयजीएसटी. म्हणजे करावर कर. म्हणूनच दोन दरांची तोंडी बेरीज केली तर आकडा जुळत नाही आणि माणसाला वाटतं, आपल्याला फसवलं.

काही वर्षांपूर्वी वैयक्तिक वापराच्या वस्तूंवर मूळ शुल्क ३५ टक्के, अधिभार ३.५ टक्के आणि आयजीएसटी २८ टक्के होता. एकत्र हिशोब ७७.२८ टक्क्यांवर जायचा. ५,००० रुपयांच्या पार्सलला ३,८६४ रुपये कर! लोक अजूनही हाच आकडा एकमेकांना सांगतात. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि अशा वस्तूंवरचा आयजीएसटी १८ टक्क्यांवर आला. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. नुसते १० आणि १८ हे दोन दर धरले तर त्याच ५,००० वर शुल्क ५०० आणि ५,५०० वर आयजीएसटी ९९०, म्हणजे एकूण १,४९० रुपये होतात. दर बदलत राहतात, त्यामुळं शेजाऱ्यानं गेल्या वर्षी काय भरलं यावर जाऊ नका. आपल्या कागदावर काय लिहिलंय ते बघा.

कुरियरचा आकार

जकातीचा काळ आठवत असेल त्यांना हे पटकन समजेल. ट्रान्सपोर्टवाला नाक्यावर दुकानदाराच्या वतीनं जकात भरायचा आणि माल देताना जकातीसोबत आपली मजुरीही लावायचा. कुरियर कंपनी आज तेच करते. पार्सल मुंबईला सहारच्या कुरियर टर्मिनलवर किंवा दुसऱ्या एखाद्या विमानतळावर उतरतं, तुमच्या नावानं कागद दाखल होतात, कर कंपनी स्वतःच्या खिशातून भरते आणि माल सोडवते. या आगाऊ भरण्याबद्दल ती आकार लावते. तो बहुतेक ठिकाणी भरलेल्या कराच्या काही टक्के किंवा एक ठरलेली किमान रक्कम, यातलं जे जास्त असेल ते, असा असतो. त्यावर १८ टक्के जीएसटी. पार्सल गोदामात पडून राहिलं तर साठवणुकीचे पैसे वेगळे.

छोटी खरेदी मार खाते ती इथंच. समजा भाड्यासह ९०० रुपयांची वस्तू आहे. वरच्याच दरांनी कर होतो साधारण २६८ रुपये. कंपनीचा किमान आकार समजा ५०० असेल, तर जीएसटीसह ५९०. म्हणजे सरकारला २६८ आणि कंपनीला ५९०. ९०० ची वस्तू घरात येईपर्यंत १,७५८ ला पडली. पाच जणांनी पाच वेळा मागवण्यापेक्षा एकदाच मागवलेलं परवडतं, ते यामुळंच. मात्र वैयक्तिक वापराचा माल म्हणून ढीगभर नग आले की तो व्यापाराचा माल आहे का, अशी विचारणा होणार.

कर कमी करून घेणं आपल्या हातात नाही. आकाराबद्दल मात्र विचारता येतं. पैसे देण्याआधी कंपनीकडून 'बिल ऑफ एन्ट्री'ची प्रत आणि आकाराचं वेगळं बिल मागा. बिल ऑफ एन्ट्रीत वस्तूची धरलेली किंमत, दर आणि भरलेला कर, सगळं तुमच्या नावावर लिहिलेलं असतं. दारात मागितलेली रक्कम वजा हा कर, की जे उरतं ते कंपनीचं. ते तिच्या वेबसाइटवरच्या दरपत्रकाशी जुळतं का पाहा. डिलिव्हरीच्या पोराशी वाद घालून उपयोग नाही. त्याच्या हातात फक्त आकडा असतो.

काही विक्रेते 'डीडीपी' असा पर्याय देतात. म्हणजे कर आणि आकार आधीच वसूल, दारात काही नाही. ऑर्डर देताना हे अक्षर दिसतंय का, ते आधी शोधा. 'डीएपी' किंवा 'डीडीयू' असेल तर दारात भरायची तयारी ठेवा.

पोस्टानं आलेल्या पार्सलची वाट वेगळी. आपल्याकडचं बरंच पोस्टाचं पार्सल मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरातून येतं. तिथं कस्टमचे अधिकारी कर ठरवतात आणि पोस्टमन तो वसूल करतो. पोस्टाचा वरचा आकार कुरियरच्या मानानं कमी बसतो, पण वेळ लागतो.

'गिफ्ट' लिहिलं म्हणजे सुटलं?

नाही. हा गैरसमज फार जुना आहे. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला सूट होती. तिचा आधार घेऊन परदेशी ऑनलाइन दुकानं विकलेला मालसुद्धा भेट म्हणून पाठवू लागली. शेवटी डिसेंबर २०१९ मध्ये ती सवलत काढली. राहिल्या फक्त दोन गोष्टी, जीवरक्षक औषधं आणि राखी. त्यामुळं न्यू जर्सीच्या ताईनं पाठवलेली राखी बिनकराची येते, पण त्याच पाकिटात घड्याळ घातलं तर घड्याळाला कर बसतो.

विक्रेता "किंमत पाच डॉलर लिहितो" म्हणाला तर हुरळून जाऊ नका. कस्टमला किंमत पटली नाही की ते ऑर्डरची पावती आणि पैसे भरल्याचा पुरावा मागतात. खोटी किंमत निघाली तर माल अडकतो, दंडही होतो. विक्रेता तिकडं राहतो, निस्तरायचं तुम्हाला.

औषधाचं मात्र नीट समजून घ्या, कारण तिथं रक्कम मोठी असते. घरात कुणाला परदेशातून जीवरक्षक औषध मागवावं लागत असेल, तर जिल्हा शल्यचिकित्सकांचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडून शुल्कमाफी मागता येते. औषध निघण्याआधीच कागद तयार ठेवा. ते गोदामात पडल्यावर पळापळ सुरू केली तर साठवणुकीचा मीटरही चालू राहतो.

कारखानदारांसाठी

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत छोटं वर्कशॉप असलेले बरेच जण मशीनचा भाग स्वतःच्या नावावर, घरच्या पत्त्यावर मागवतात. सोपं वाटतं, पण तोट्याचं आहे. वैयक्तिक म्हणून आलेल्या मालावर भरलेल्या आयजीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. आयात-निर्यात कोड काढून, बिल ऑफ एन्ट्रीवर आपला जीएसटी क्रमांक घालून आणला, तर ते क्रेडिट घेता येतं. कोड ऑनलाइन निघतो, फी ५०० रुपये. शिवाय त्या मालाला त्याच्या स्वतःच्या वर्गाचा दर लागतो, जो कधी कधी वैयक्तिकपेक्षा कमी असतो.

आणि काही वस्तू पैसे भरूनही सुटत नाहीत. फवारणीसाठी म्हणून परदेशी तयार ड्रोन मागवू नका, ९ फेब्रुवारी २०२२ पासून त्यांच्या आयातीवर बंदी आहे. ई-सिगारेट तर कायद्यानंच बंद. बियाणं आणि रोपांना आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. "रंगीत टोमॅटोचं बी" पाकिटातून येईल, कुणाला कळणार नाही, या भरवशावर राहू नये.

फोन आला तर

पार्सलची ही सगळी गुंतागुंत चोरांना चांगली माहीत आहे. "तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, एवढे पाठवा" असा मेसेज किंवा "तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले" असा फोन येतो. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसतो. काही मागवलंच नसेल तर फोन ठेवा. मागवलं असेल तरी मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका, कंपनीची वेबसाइट स्वतः उघडून ट्रॅकिंग नंबर टाका. कस्टम कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. त्यांच्या पत्रावर 'डीआयएन' नावाचा क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या वेबसाइटवर तपासता येतो. 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार कायद्यात नाही. पैसे गेलेच तर तासाभराचीही वाट न बघता १९३० वर फोन करा.

आधार किंवा पॅन मागणारा प्रत्येक जण चोर नसतो, हेही खरं. कुरियरनं येणाऱ्या परदेशी मालासाठी ओळखीचा कागद घेणं कंपनीला बंधनकारक आहे. तो कंपनीच्या वेबसाइटवरच द्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या अनोळखी नंबरला नको.

शेवटची गोष्ट उचगावकरांसाठी. बेळगाव तालुक्यातही एक उचगाव आहे. पत्त्यात नुसतं उचगाव लिहिलं तर पार्सल तिकडं फिरून येऊ शकतं. ता. करवीर, जि. कोल्हापूर, महाराष्ट्र आणि पिनकोड, हे चारही टाका, आणि नाव आधार कार्डावर आहे तसंच.