सूरजचे सव्वीस भाग

23 डिसेंबर 2012 हा रविवार होता. त्या दिवशी सचिन तेंडुलकरची एकदिवसीय क्रिकेटमधली निवृत्ती जाहीर झाली आणि देशभरच्या वृत्तवाहिन्यांवर ती मोठी बातमी ठरली. त्याच रविवारी सकाळी कलर्स वाहिनीवर एक नवी मालिका सुरू झाली होती. तिची दखल घ्यायला कोणाला सवड मिळाली असेल असं वाटत नाही. ‘सूरज : द रायझिंग स्टार’ हे तिचं नाव. मुंबईच्या झोपडवस्तीतला एक गरीब मुलगा, क्रिकेटसाठी त्याला झिजवणारा कठोर बाप, आणि समोर श्रीमंत घरातला प्रतिस्पर्धी. कथा हिंदीत, पात्रं भारतीय, पण चित्रपद्धती जपानी. जपानची टीएमएस एंटरटेनमेंट आणि हैदराबादची डीक्यू एंटरटेनमेंट यांनी मिळून ती बनवली होती. प्रकाशनगृह कोदान्शा या उद्योगात सामील होतं. भाग झाले 26. दुसरा हंगाम आला नाही.

या मालिकेबद्दल मराठीत कोणी सविस्तर लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. मुंबईचं क्रिकेट हा आपला जिव्हाळ्याचा विषय, त्यावर परक्या देशातल्या चित्रकारांनी मालिका रचली, आणि आपण ती विसरून गेलो, याची मला मनापासून खंत आहे. म्हणून जे कागद हाती लागतात त्यांवरून तिची जडणघडण पुन्हा मांडून पाहतो आहे. कागद तीन प्रकारचे आहेत: मूळ जपानी कृती, मालिकेच्या वेळच्या बातम्या आणि घोषणा, आणि तिसरे म्हणजे मालिकेशी वरवर संबंध नसलेले, पण त्याच महिन्यांतले क्रिकेटचे नि रेल्वेचे दप्तर.

आधी सूरजची मालिका जिच्यावर बेतली ती मूळ कृती. ‘क्योजिन नो होशी’ ही चित्रकथा 1966 ते 1971 या काळात कोदान्शाच्या ‘शोनेन मॅगझिन’ साप्ताहिकात क्रमशः आली. लेखक इक्की काजिवारा, चित्रकार नोबोरू कावासाकी. तिच्यावरची दूरचित्रवाणी मालिका 30 मार्च 1968 ला सुरू झाली आणि 18 सप्टेंबर 1971 ला संपली. दिग्दर्शक तादाओ नागाहामा, भाग 182. खेळ बेसबॉलचा. नायक ह्यूमा होशी, डावखुरा पिचर. बाप इत्तेत्सू एकेकाळी योमिउरी जायंट्स या बेसबॉल संघाचा खेळाडू, आता बांधकामावरचा मजूर. ते राहतात ते जुन्या लाकडी घरांच्या रांगेत, आपल्या बैठ्या चाळीसारख्या वस्तीत. मुलगा घराच्या भिंतीतल्या भोकातून चेंडू फेकतो, तो बाहेरच्या झाडावर आपटून त्याच भोकातून परत येतो. असा सराव वर्षानुवर्षं. अंगावर स्प्रिंगांचं जोखड चढवून हाताची ताकद वाढवायची, हा बापाचा शोध. शेवटी तोच डावा हात कायमचा निकामी होतो.

ही कथा छापून येत होती तेव्हा खरे जायंट्स सलग अजिंक्यपदं मिळवत होते. 1965 ते 1973 अशी नऊ वर्षं. सादाहारू ओ, नागाशिमा हे खरे खेळाडू कथेत पात्रं म्हणून वावरतात. टोकियो ऑलिंपिक आणि पहिली शिंकान्सेन, दोन्ही 1964 चे. काबाडकष्ट करून वर येणाऱ्या देशाची ती गोष्ट होती. वर येऊ पाहणाऱ्या आजच्या भारतात ती पुन्हा सांगता येईल, असा जपानी निर्मात्यांचा विचार होता, हे तेव्हाच्या बातम्यांत स्पष्ट नोंदलेलं आहे.

कथा इकडे आणताना काय बदललं? बातम्यांत दोन बदलांचा उल्लेख ठळक आहे. स्प्रिंगांचं जोखड गेलं आणि त्याच्या जागी सायकलच्या ट्यूबचा रबर आला. लहान मुलाच्या अंगावर लोखंडी साज चढवणं इथे क्रूर वाटेल, ही भीती होती. दुसरा बदल जेवणाच्या मेजाचा. संतापलेला बाप ताटासकट मेज उलथवतो, हे जपानमध्ये त्या मालिकेचं सर्वांत गाजलेलं दृश्य. भारतात अन्न लाथाडणारा बाप प्रेक्षकाच्या मनातून कायमचा उतरला असता. म्हणून मेजावर फक्त पेयं ठेवली गेली. हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो. बापाचा राग तसाच ठेवला आणि अन्नाचा अपमान तेवढा टाळला. परक्या घरात कुठे पाय ठेवायचा नाही हे त्यांना कोणीतरी नीट समजावलं होतं.

तिसऱ्या बदलाबद्दल बातम्या बोलत नाहीत, पण दोन्ही खेळांचे नियम शेजारी ठेवले की तो उघड दिसतो. मूळ कथेचा सगळा डोलारा फेकीवर उभा आहे. पिचर कोपर वाकवून, मग झटक्याने सरळ करून चेंडू फेकतो; काजिवाराने त्यातून एकाहून एक अचाट चेंडू कल्पिले. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ करणं नियमबाह्य ठरतं. म्हणजे ह्यूमाचा हात जसाच्या तसा सूरजला देताच येत नव्हता. त्यात क्रिकेटचा चेंडू बहुधा टप्पा खाऊन येतो, धाव घेऊन टाकला जातो, आणि फलंदाजाला प्रत्येक चेंडू मारलाच पाहिजे असं बंधन नाही. बेसबॉलमध्ये एका फेकीवर सगळं ठरू शकतं. गोलंदाजाला मात्र दबाव हळूहळू बांधावा लागतो. 182 भागांच्या कथेच्या बरोबर सातव्या हिश्श्यात हे नवं नाट्य उभं करणं सोपं नव्हतं. मालिका एका हंगामावर थांबली याची कारणं शोधणाऱ्याने आधी इथे पाहावं, असं माझं मत आहे.

आता पैशाचे कागद. प्रायोजकांत जपानी कंपन्यांची नावं होती: सुझुकी, ऑल निप्पॉन एअरवेज, डायकिन, निस्सिन आणि कोकुयो. त्यांची उत्पादनं चित्रांच्या पार्श्वभूमीतही दिसावीत अशी योजना होती. यातलं शेवटचं नाव आपल्याला बोईसरला आणून सोडतं. कोकुयो 1905 साली ओसाकात सुरू झाली ती हिशेबाच्या वह्यांची वेष्टनं बनवण्यापासून. 2011 मध्ये तिने कॅम्लिनची निम्म्याहून अधिक मालकी घेतली. ही तीच कॅम्लिन, जी दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये शाईच्या पुड्या-वड्यांपासून उभी केली, जिचे रंग आणि कंपासपेट्या मराठी शाळकरी पोरांच्या दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. तिचा कारखाना बोईसरच्या तारापूर एमआयडीसीत आहे. मालकी बदलल्यानंतर पुढच्याच वर्षी सूरज पडद्यावर आला. कोकुयोला भारतीय शाळकरी मुलांपर्यंत पोचायचं होतं आणि मालिका त्याच मुलांसाठी होती, हा हिशेब कागदांवरून सरळ लागतो. बोईसरच्या शेडमध्ये रंगांच्या बाटल्या भरणाऱ्या कामगाराला या मालिकेचं नावही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, तरी त्याचं काम आणि सूरजची धाव एकाच जमाखर्चात बसलेली होती.

आणि आता तिसरं दप्तर. नोव्हेंबर 2012 मध्ये, म्हणजे सूरजच्या पहिल्या भागाच्या आदल्या महिन्यात, जयपूरला राजस्थानविरुद्ध मुंबईकडून एका वेगवान गोलंदाजाने रणजी पदार्पण केलं. वय 21. नाव शार्दुल ठाकूर, गाव पालघरजवळचं माहीम. तो बोईसरच्या तारापूर विद्यामंदिरचा विद्यार्थी. शालेय सामन्यात त्याचा खेळ पाहून प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत आणलं आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत त्याने एका षटकात सहा षटकार मारले. लाड यांच्या घरी राहण्याआधी आणि त्यानंतर पालघर ते मुंबई हा प्रवास रेल्वेचा, पहाटेचा, खांद्यावर किट घेऊन.

जपानी लेखकांनी सूरजला मुंबईच्या वस्तीत ठेवलं, ते स्वाभाविक होतं. बाहेरून पाहणाऱ्याला मुंबईचं क्रिकेट मुंबईतच दिसतं. पण त्याच वेळी त्या क्रिकेटचं पाणी वैतरणेपलीकडून येऊ लागलं होतं. रेल्वेच्या नोंदी हेच सांगतात. विरारच्या पुढे उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत सुरू झाली ती 16 एप्रिल 2013 रोजी, पहिला भाग दाखवल्यानंतर चार महिन्यांच्या आत. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही स्थानकं तेव्हा उपनगरी नकाशावर आली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. ज्या शिंकान्सेनच्या काळात ह्यूमाची कथा जन्मली, तिच्याच तंत्रावरच्या मुंबई-अहमदाबाद मार्गाची पायाभरणी 14 सप्टेंबर 2017 ला झाली आणि तिच्या 12 स्थानकांत बोईसर आहे.

शार्दुलचं पुढचं सगळं मोजून ठेवलेलं आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये हैदराबादला कसोटी पदार्पण, आणि 10 चेंडू टाकून दुखापत. जानेवारी 2021 मध्ये ब्रिस्बेनला पहिल्या डावात 67 धावा, सामन्यात 7 बळी. हे आकडे पन्नास वर्षांनीही कोणालाही तपासता येतील, कारण क्रिकेट आपला प्रत्येक चेंडू लिहून ठेवतं.

दूरचित्रवाणीचं तसं नाही. 1954 च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची आणि वृत्तपत्राची प्रत ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांत जमा होते. वाहिनीवर दाखवलेल्या मालिकेची प्रत कुठे द्यावी, असं त्यात कलम नाही. ज्याच्याकडे हक्क त्याच्याकडे प्रत, आणि हक्क टोकियो-हैदराबादच्या करारांत. सूरजचे 26 भाग मुंबईवर आहेत, त्यांना आवाज भारतीय कलाकारांनी दिले, पैशातला एक वाटा बोईसरला कारखाना असलेल्या कंपनीच्या मालकाचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने किंवा मुंबईतल्या एखाद्या क्रिकेट ग्रंथालयाने त्यांची एक पूर्ण प्रत, शेवटच्या श्रेयनामावलीसकट, मागून घ्यावी. हक्क कोणाकडे आहेत हे शोधता येतं, तोवर ती मागता येते.