जळकोटचा पिनकोड आणि संकेतस्थळाचा पत्ता

जळकोट लातूर जिल्ह्यात आणि मुखेड नांदेड जिल्ह्यात असले, तरी हे दोन्ही तालुके एकमेकांना लागून आहेत. मात्र या दोन गावांना निघालेल्या पत्रांच्या वाटा पिनकोडच्या दुसऱ्याच अंकाला वेगळ्या होतात. जळकोटचा पिनकोड ४१३५३२, तर मुखेडचा ४३१७१५. पहिला ४ हा अंक महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड या विभागाचा. पहिल्या तीन अंकांनी वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि अखेरच्या तीन अंकांनी वाटप करणारे टपाल कार्यालय. डावीकडून अंक वाचत प्रत्येक टप्प्यावर पुढची दिशा ठरविण्याची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील मराठी अधिकारी संस्कृत कवी म्हणूनही परिचित होते.

इंटरनेटवरील संकेतस्थळांचा कारभार आज बऱ्याच अंशी याच तत्त्वाने चालतो. संकेतस्थळाच्या नावानंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेपासून पत्त्याचा जो भाग सुरू होतो, त्याला ‘पाथ’ म्हणजे मार्ग म्हणतात. आलेली मागणी कोणत्या सर्व्हरकडे पाठवायची हे मार्ग वाचून ठरविण्याचे काम ‘लोड बॅलन्सर’ ही भारवाटप यंत्रणा करते. ती सर्व्हरच्या पुढे, नाक्यावरील शिपायासारखी उभी असते.

हे कशासाठी, ते एका काल्पनिक शासकीय संकेतस्थळावरून पाहू. त्यावर ‘/निकाल’ या मार्गावर परीक्षांचे निकाल आहेत आणि ‘/अर्ज’ या मार्गावर शेतकऱ्यांचे निरनिराळे अर्ज. बारावीच्या निकालाचा दिवस आणि पीकविम्याच्या अर्जाची मुदत योगायोगाने एकत्र आली आहे. ‘लातूर पॅटर्न’ ज्या जिल्ह्याने महाराष्ट्राला दिला, तेथे निकालाच्या दिवशी किती मोबाईल एकाच वेळी उघडतात हे सांगायला नको. सगळी कामे सर्व्हरच्या एकाच गटावर असतील, तर निकालाची झुंबड अर्जालाही बुडविते. जळकोटच्या सेवा केंद्रात रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याची मुदत टळते, आणि त्याचा निकालाशी काडीचाही संबंध नसतो. मार्गानुसार वाटप केल्यास निकालासाठी सर्व्हरचा स्वतंत्र गट राखता येतो. त्या दिवसापुरती त्याची संख्या वाढवून नंतर ती कमीही करता येते.

ही युक्ती नवी नाही. रशियन अभियंता इगॉर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुले केलेले ‘एनजिनएक्स’ हे सॉफ्टवेअर हेच काम करीत आले आहे. परंतु ते स्वतःच्या यंत्रावर बसवून सांभाळावे लागे. ॲमेझॉनने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर’ ही सेवा आणली आणि मार्गानुसार वाटप ही तिच्या क्लाउडमधील तयार सोय झाली. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले होते. २०२२ मध्ये हैदराबाद केंद्र आले. जळकोटला मुंबईपेक्षा हैदराबादच जवळ.

मार्ग वाचण्यासाठी एक अट असते. सुरक्षित संकेतस्थळांवर नावापुढचा सारा मजकूर सांकेतिक रूपात येतो; जणू गावाचे नाव पाकिटावर आणि विभागाचे नाव आतल्या कागदावर. त्यामुळे लोड बॅलन्सरला पाकीट फोडावेच लागते. संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र त्याच्याच स्वाधीन करावे लागते, आणि नागरिकाची माहिती तेथे क्षणभर उघडी होते. तेथून सर्व्हरपर्यंत ती पुन्हा सांकेतिक करून पाठविण्याची सोय असते. संवेदनशील माहिती असेल तर ती वापरलीच पाहिजे.

खरी गुंतागुंत नियमांच्या क्रमात आहे. पिनकोडला सहाच अंक असल्याने तेथे असा घोळ उद्भवत नाही. मार्गांची लांबी मात्र कितीही असू शकते. ‘/अर्ज/*’ असा एक नियम आणि ‘/अर्ज/पीकविमा/*’ असा दुसरा आहे, असे समजू. यातील फुलीचा अर्थ ‘पुढे काहीही’. पीकविम्याची मागणी या दोन्ही नियमांत बसते. ॲमेझॉनच्या यंत्रणेत ज्याचा प्राधान्यक्रमांक आधीचा तो नियम जिंकतो. म्हणजे व्यापक नियम वर ठेवला की खालच्या नियमाकडे कोणी फिरकतच नाही. मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲप्लिकेशन गेटवे’तही नियम यादीतील क्रमाने तपासले जातात. गुगलच्या साध्या मार्ग-नियमांत मात्र क्रमाला महत्त्व नसून सर्वांत लांब जुळणारा मार्ग निवडला जातो. एका कंपनीकडून दुसरीकडे स्थलांतर करताना नियम जसेच्या तसे उतरवून घेणारे नेमके येथे फसतात. त्यात ॲमेझॉन रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांत भेद करते, तर मायक्रोसॉफ्टचे गेटवे करीत नाही.

या लेखात मार्ग देवनागरीत दिले आहेत ते केवळ सोयीसाठी. प्रत्यक्षात ब्राउझर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह टक्केवारीची खूण, रोमन अक्षरे व अंक यांच्या ९ वर्णांत रूपांतरित करून पाठवितो. ‘निकाल’ या शब्दातील काना-वेलांटीसह ५ चिन्हांचे अशा रीतीने ४५ वर्ण होतात. मराठी संकेतस्थळांचे मार्गही बहुधा रोमन लिपीतच दिसतात, त्यामागे हे एक कारण आहे.

मार्ग वेगळे केले म्हणजे सर्व काही वेगळे झाले, हा समजही चुकीचा. निकाल आणि अर्ज यांचे सर्व्हर वेगळे, पण दोहोंचा माहितीसाठा एकच असेल, तर गर्दीचा फटका दोघांनाही बसतो. तसेच ‘/प्रशासन’ हा मार्ग निराळ्या सर्व्हरकडे वळविला म्हणून तो सुरक्षित होत नाही. कुलूप सर्व्हरवर वेगळेच लावावे लागते.

शेवटचा नियम कोणत्याही मार्गाचा नसतो. कोठेच न बसणाऱ्या मागण्या त्याच्याकडे जातात; टपाल खात्यात पत्ता न लागलेल्या पत्रांची सोय असते तसा हा प्रकार. ॲमेझॉनच्या यंत्रणेत ‘/अर्ज/*’ एवढाच नियम असेल आणि शेवटची तिरकी रेघ न देता कोणी नुसते ‘/अर्ज’ लिहिले, तर तो नागरिकही याच दारात येऊन पडतो. अनेक संकेतस्थळांवर तेथे ‘पान सापडले नाही’ एवढेच वाक्य असते. त्याऐवजी अर्जाच्या पानाचा दुवा ठेवायला काही मिनिटे पुरतात.