माळरानाचा पोशाख आणि माळरानाचा हक्क

ब्रिटिश बोलपटांत खेड्यांतील जमीनदार पडद्यावर आला, कीं त्याचा पोशाख बहुधा ठरलेला असतो. अंगांत मातकट रंगाच्या जाड लोंकरी कापडाचा कोट, गुडघ्याखालीं आवळलेली विजार, पायांत जाड मोजे व बूट, आणि पावसाचें चिन्ह असल्यास वरून मेण चढविलेल्या सुती कापडाचें जाकीट. हा वेष आतां सुखवस्तु लोकांच्या फुरसतीची खूण होऊन बसला आहे. परंतु त्याचा इतिहास पाहूं गेल्यास त्याचा जन्म फुरसतींतून नव्हे, तर कष्टांतून झाल्याचें दिसून येतें. आणि तो घालून ज्या माळांवर हिंडावयाचें, ते माळ सामान्य माणसास मोकळे होण्यास फार मोठा काळ लागला.

प्रथम ट्वीड या कापडाची हकीकत पाहावी. स्कॉटलंडच्या वायव्येस हॅरिस नांवाचें बेट आहे. तेथील लोक मेंढ्यांची लोंकर घरींच पिंजीत, कांतीत, खडकांवरील दगडफुलांच्या रंगांत उकळीत आणि हातमागावर विणून आपल्या अंगापुरतें कापड काढीत. १८४६ सालीं बेटाची व्यवस्था पाहणाऱ्या डनमोरच्या अर्लच्या विधवा पत्नीनें आपल्या मरे घराण्याची चौकडी या विणकरांकडून विणवून घेतली. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांत बटाट्याचें पीक रोगानें बुडालें, तें हेंच वर्ष. बाईंनीं तें कापड आपल्या इष्टमित्रांच्या दृष्टीस आणलें, आणि गरिबांच्या अंगावरचें कापड सरदारांच्या अंगावर चढलें. पुढें १९०९ सालीं अस्सल मालाच्या रक्षणासाठीं संघ स्थापन झाला, आणि १९९३ च्या कायद्यानें तर असें ठरविलें, कीं त्या बेटांतील रहिवाशानें आपल्या घरीं हातमागावर विणलेल्या कापडासच हॅरिस ट्वीड म्हणावें.

त्याच सुमारास श्रीमंतांना स्कॉटलंडांतील शिकारीचा नाद लागला होता. १८५२ सालीं राणी व्हिक्टोरिया हिचे पति प्रिन्स आल्बर्ट यांनीं बाल्मोरल येथील जमीन विकत घेतली. तेथील ट्वीडची योजना त्यांचीच म्हणून सांगतात. प्रत्येक मोठ्या जहागिरीनें आपल्या डोंगराच्या रंगाशीं जुळणारें ट्वीड ठरवून घेतलें. हेतु असा, कीं शिकारीच्या रखवालदारानें गवतांत व खडकांत मिसळून जावें. हरणास त्याची चाहूल लागूं नये.

मेणकापडाचें मूळ तर समुद्रावर आहे. ओलें शीड वारा अधिक धरतें, हें खलाशांच्या ध्यानांत आलें होतें. परंतु ओलें शीड जड होतें. म्हणून शिडांना जवसाचें तेल चोपडण्याची चाल पडली, आणि फाटक्या शिडांतून पावसाळी अंगरखे बेतले जाऊं लागले. १८९४ सालीं जॉन बार्बर यांनीं साउथ शील्ड्स या बंदरांत दुकान मांडलें, तें अशीं तेलकट वस्त्रें खलाशी, कोळी व गोदीकामगार यांना विकण्यासाठीं. तेथून तीं शेतकऱ्यांकडे आणि शिकाऱ्यांकडे गेलीं. २००६ सालच्या 'द क्वीन' या चित्रपटांत राणी एलिझाबेथ बाल्मोरलच्या माळावर एकटीच मोटार हाकीत जाते, तेव्हां तिच्या अंगांत असेंच जाकीट आहे. गोदीकामगाराचें वस्त्र तें राणीच्या अंगावर गेलें!

चित्रपटांनीं हा पोशाख जगभर नेला. शेरलॉक होम्सची दुपाखी टोपी प्रथम १८९१ सालीं चित्रकार सिडनी पॅजेट यांनीं रेखाटली, आणि १९३९ सालीं बॅसिल रॅथबोन यांनीं ती पडद्यावर घातली. २००१ सालचा 'गॉस्फर्ड पार्क' हा चित्रपट १९३२ च्या नोव्हेंबरमधील एका वाड्यांत घडतो; मालक व त्यांचे पाहुणे ट्वीड घालून फेझंट पक्ष्यांची शिकार करितात, आणि नोकरचाकर त्यांच्या दिमतीस राबतात.

परंतु त्याच १९३२ सालच्या २४ एप्रिल रोजीं घडलेली एक गोष्ट या पोशाखाच्या इतिहासांत विसरून चालणार नाहीं. डर्बिशायरमधील किंडर स्काउट हें पठार जमीनदारांनीं ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठीं राखून ठेविलें होतें. मँचेस्टर व शेफील्ड येथील कामगारांना धुराच्या शहरांतून रविवारीं बाहेर पडून तेथें पायीं हिंडावयाचें होतें. पण वाटेंत रखवालदार काठ्या घेऊन उभे असत. त्या दिवशीं सुमारें चारशें तरुण हेफील्ड गांवाहून निघाले. अंगावर ट्वीड नव्हतें. आखूड विजारी व पाठीवर पिशव्या असा बहुतेकांचा थाट होता. पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा. पठाराच्या उतारावर रखवालदारांशीं झटापट झाली. नुसतें दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकणें हा कायद्यानें फौजदारी गुन्हा नव्हता; म्हणून दंगा व मारहाण असे आरोप ठेवून पांच तरुणांना दोन ते सहा महिन्यांच्या कैदेच्या शिक्षा दिल्या गेल्या.

शिक्षा जबर होत्या, म्हणूनच लोकमत हललें. १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानांचा व रानांत प्रवेश मिळण्याचा कायदा झाला. १९५१ सालीं पहिलें राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें, तें याच पीक डिस्ट्रिक्ट प्रदेशांत. २००० सालच्या कायद्यानें इंग्लंड व वेल्समधील डोंगर व माळ पायीं हिंडणाऱ्यांस खुले केले. आणि २००२ सालीं, घटनेस सत्तर वर्षें झालीं तेव्हां, अकरावे ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनीं आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली.

विणकर, खलाशी व रखवालदार यांचा वेष जमीनदारांनीं सहज उचलला. त्यास कोणाची परवानगी लागली नाहीं. माळ मात्र कामगारांना तुरुंगवास सोसून मिळवावा लागला. आज किंडरच्या पठारावर ट्वीड घातलेला कोणी भेटला, तर तो जमीनदार आहे कीं गिरणीकामगाराचा नातू, हें कापडावरून सांगतां येणार नाहीं. आणि तसें विचारण्याचा अधिकारही तेथें आतां कोणास उरलेला नाहीं.