गच्चीवरची देवयानी

दूरच्या दीर्घिकांची छायाचित्रे घेणे हा मोठ्या वेधशाळांचाच प्रांत आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. देवयानी दीर्घिकेची सर्पिल रचना ज्या छायाचित्रात प्रथम स्पष्ट झाली, ते एका हौशी माणसाने घेतले होते. आयझॅक रॉबर्ट्स हा व्यवसायाने बांधकाम कंत्राटदार. लिव्हरपूलजवळच्या आपल्या घरी त्याने डब्लिनच्या हॉवर्ड ग्रबकडून करून घेतलेली २० इंची परावर्तक दुर्बीण बसवली होती. तीतून १८८८ च्या अखेरीस त्याने हे छायाचित्र टिपले.

त्याच सुमारास पुण्यात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा आकाराला येत होती. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे सर्वस्व होते. तिच्या मुख्य दुर्बिणीवरही ग्रबचेच नाव होते आणि आरसाही २० इंचांचाच. नायगमवालांचे लक्ष मुख्यतः वर्णपटाकडे होते. मृगातील तेजोमेघाचा वर्णपट त्यांनी अभ्यासला, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध जेऊरला जाऊन घेतले. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. आकाशाकडे पाहण्याची संस्थात्मक परंपरा आपल्याकडे अशी एका माणसाच्या निवृत्तीबरोबर खंडित झाली. हौशी मंडळींनी तिचा धागा पुन्हा जोडला तो पुढे, १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली तेव्हा.

साहित्याच्या अभ्यासकाला रॉबर्ट्सच्या छायाचित्रात रस वाटावा असे आणखी एक कारण आहे. आपण काय टिपले आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. फिरत्या वायूतून घडत असलेली एखादी सूर्यमाला आपल्याला दिसते आहे, असे त्याने मानले. एडविन हबलने १९२३ साली याच 'तेजोमेघा'त एक रूपविकारी तारा ओळखला, तेव्हा त्याचे अंतर आपल्या आकाशगंगेच्या पार पलीकडचे ठरले. ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे, हे आज आपण जाणतो. संहिता तीच राहिली, वाचन बदलले.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत आता अंगणे फारशी उरलेली नाहीत. इथला हौशी छायाचित्रकार सोसायटीच्या गच्चीवर जातो. गच्चीची किल्ली मिळवणे हा त्याचा पहिला वेध. मग पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई करणारी मोटार लावलेली बैठक ध्रुवाकडे रोखायची. आपल्या अक्षांशावर ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर; म्हणजे बहुधा शेजारच्या इमारतीच्या मागे. पावसाळ्याचे चार महिने काम बंद. देवयानीसाठी नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री बऱ्या.

यानंतरची पद्धत आम्हाला फार ओळखीची वाटते. एकच दीर्घ छायाचित्र न घेता दोन-दोन मिनिटांची शंभर-दीडशे छायाचित्रे घेतात आणि संगणकावर ती एकमेकांशी ताडून पाहतात. जे सर्वांत आहे ते राखायचे; जे एकातच आहे, विमानाची रेघ, उपग्रहाची वाट, ते प्रक्षिप्त मानून गाळायचे. शंभर चित्रे एकत्र केली की त्यांतला यादृच्छिक गोंगाट प्रकाशाच्या तुलनेत दहापट घटतो. भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकरांनी महाभारताच्या हस्तलिखितांबाबत जे केले, त्याचीच ही दूरची भावंडपद्धत. त्यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि देवयानीची कथा त्याच पर्वात आहे, हा योगायोग आम्हाला मोहवतो.

मात्र या साम्याला एक मर्यादा आहे, आणि खरा प्रश्न तिथेच उभा राहतो. जी चूक सर्व पोथ्यांच्या मूळ पूर्वजातच शिरली, ती पोथ्या ताडून सापडत नाही. शहराचा उजेड असा दोष आहे. तो प्रत्येक चित्रात असतो. त्याची सरासरी मोजून ती वजा करता येते, पण त्याने आणलेला गोंगाट मागे उरतो आणि दीर्घिकेच्या फिकट कडा त्यात बुडतात. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा प्रकाश मोजक्याच रंगांचा असल्याने गाळणीने बराच अडवता येई. एलईडीचा पांढरा उजेड वर्णपटभर पसरतो, दीर्घिकेतील ताऱ्यांचा प्रकाशही तसाच; मग गाळणी कोणाला अडवणार? खगोल मंडळासारख्या संस्था आकाशदर्शनासाठी कल्याणच्या पुढे वांगणीला जात आल्या, त्याचे कारण हेच. परंतु वस्तीही त्याच रेल्वेमार्गाने पुढे सरकते आहे.

उजेड नको, असे इथे कोणाला म्हणायचे आहे? रात्रपाळीहून परतणाऱ्या बाईला रस्त्यावर दिवा हवाच. प्रश्न आहे तो रस्त्याऐवजी आकाशाकडे जाणाऱ्या उजेडाचा. दिव्यावर नीट झाकण असले, तर तो कोणाचेही नुकसान न होता कमी करता येतो.

पाश्चात्त्य तारकासमूहांना मराठीत वृषपर्वा, शर्मिष्ठा, ययाति, देवयानी ही नावे मिळाली. एक संपूर्ण आख्यान आपण आकाशात मांडले. अंधाऱ्या आकाशात देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांना दिसते. इराणी ज्योतिर्विद अल-सूफीने इ.स. ९६४ च्या सुमारास तिची नोंद केली ती दुर्बिणीवाचूनच. डोंबिवलीतल्या विद्यार्थ्याला ते आख्यान पुस्तकात भेटते, आकाशात भेटत नाही. गच्चीवरच्या छायाचित्रात देवयानी उमटते खरी, परंतु ती पोथी हरवल्यानंतर अवतरणांवरून जुळवलेल्या पाठासारखी. असा पाठ मोलाचा असतोच. मूळ पोथी अजून हाताशी असताना ती हरवू देणे मात्र कोणत्याही संपादकाला शोभणारे नाही.